'मार बंद झाला म्हणून पोरं कोडगी झाली' म्हणे!

आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर हा मेसेज शाळा उघडल्यापासून तीनदा येऊन गेला. गावच्या ग्रुपवर आला तो वेगळा, आणि परवा नागपूरहून माझ्या मेव्हण्याने पाठवला तो आणखी वेगळा. मजकूर थोडक्यात असा: पूर्वी गुरुजी फोकाने झोडायचे म्हणून पोरं सरळ होती. 2010 साली कायदा आला, मार बंद झाला आणि पोरं उर्मट, कोडगी झाली. आता पहिली-दुसरीतलं पोरगं उलट बोलतं, दुसऱ्याला मारतं, वर डोळ्यांत टिपूस येत नाही. असं पोरगं रक्तातच तसं असतं, मोठेपणी गुन्हेगारच होणार. मोबाईलने त्यात भर घातली. उपाय एकच, छडी. शेवटी जोडलेले हात आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला पटलं नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेकडच्या एका गावात दोनशिक्षकी शाळेवर आहे. नोकरीला बावीस वर्षं झाली, आणि त्यातली पहिली नऊ-दहा वर्षं मीही फोक वापरला. फळ्यामागे उभा असायचा. मोडला की पोरंच नवा आणून द्यायची. 'पऱ्हाटीचा नोका घेऊ सर, लवकर तुटते, निर्गुडीचा आनतो,' असा सल्लाही द्यायची. तेव्हा मी सोवळ्यात बसून हे लिहीत नाहीये.

पहिला दावा, पूर्वी पोरं सरळ होती. कोणती पोरं? माझ्या वर्गात पहिलीला जेवढे बसलो होतो त्यातले निम्मे चौथीनंतर दिसले नाहीत. कोणी गुरं वळायला गेलं, कोणी मार चुकवायला तुरीत लपून बसायचं ते पुढे तिथेच कामाला लागलं. जे टिकले, शिकले, नोकरीला लागले, ते आज मेसेज पाठवताहेत की आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो. जे मारामुळे शाळेतून गेले त्यांना या ग्रुपमध्ये कोणी घेतलेलंच नाही. त्यांचं मत कसं येणार?

दुसरा दावा, 2010 साली मार बंद झाला. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, इथवर खरं. पण कलम शाळेपुरतं आहे. घरात चुलीजवळची काडी, बापाचा पट्टा, काकाची थापड यांना कोणी कलम लावलं? आजही प्रवेशाच्या दिवशी पालक सांगून जातात, 'गुरुजी, कातडं तुमचं, हाडं आमची.' म्हणजे ज्या पिढीला मार मिळालाच नाही म्हणून ती बिघडली असं म्हणतात, ती पिढी मला तरी अजून भेटलेली नाही.

मारण्याचा परिणाम काय होतो, यावर जगात भरपूर मोजमाप झालंय. 2016 साली अमेरिकेतल्या एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या दोघांनी 75 अभ्यास एकत्र करून पाहिले, मुलांची संख्या सुमारे 1 लाख 60 हजार. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा, उद्दामपणा, आई-वडिलांशी दुरावा हे सगळं जास्तच दिसलं. यावर कोणीही शहाणा माणूस विचारेल, आणि विचारायलाच हवं, की उपद्रवी पोरालाच जास्त मार बसतो, मग आधी काय आणि मागून काय? त्याचं उत्तर 2018 च्या एका अभ्यासात बऱ्यापैकी मिळतं. रेबेका वॉलर, ल्यूक हाइड आणि सहकाऱ्यांनी 6 ते 11 वर्षांच्या एकसारख्या जुळ्यांच्या 227 जोड्या घेतल्या. रक्त तेच, घर तेच. तरी जोडीतल्या ज्या मुलाच्या वाट्याला जास्त कडकपणा आणि कमी माया आली, ते जास्त मारकुटं आणि दुसऱ्याच्या दुःखाकडे जास्त थंडपणे पाहणारं निघालं. हेही पूर्ण पुरावा म्हणून डोक्यावर घेऊ नका. पण 'रक्त' ही सबब मात्र तिथे चालत नाही.

आता त्या 'कोडगी' शब्दाकडे या. मेसेज लिहिणाऱ्याने हा शब्द वापरला आणि स्वतःच फसला. आपल्याकडे 'मारून मारून कोडगा केला' असंच म्हणतात. शब्दाच्या पोटातच कारण दिलंय.

मला हे एका पोराने शिकवलं. दुसरीत होता. आई-बाप दरवर्षी संक्रांत झाली की तेलंगणात मिरची तोडायला जायचे, खम्ममकडे, ते उन्हाळ्यात परत. पोरगा आजीजवळ. एके दिवशी त्याने वर्गातल्या एकाला ओट्यावरून ढकललं. त्याची हनुवटी फुटली, सदऱ्यावर रक्त, पोरं ओरडताहेत, आणि हा उभा राहून बघतोय, हापशीखाली घागर भरताना बघावं तसा. मी संतापलो. म्हटलं, तीन फोक. दोन दिले, तेवढ्यात बाहेरून कोणी हाक मारली म्हणून फोक टेबलावर टाकून गेलो. पाच-सात मिनिटांनी आत आलो तर हा तिथेच, तळहात पुढे धरून. म्हणाला, 'सर, तीन म्हनले होते. एक रायला.'

आवाजात गुर्मी नव्हती. दुकानदार उरलेले सुटे परत करताना बोलतो, तसा बोलला. तिसरा मी दिला नाही. खरं सांगायचं तर माझा हातच उचलेना.

संध्याकाळी आजीकडे गेलो. ती सरकी निवडत बसली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, 'मारा न जी गुरुजी, याले काईच वाटत नाई.' पहिल्यापासून असाच का, विचारलं. म्हणाली, 'नाई जी. पयले माय गेली का दोन-दोन दिवस रडे. मंग म्या धाक देल्ला, रडला त मायले फोन नाई लावत. तवापासून रडत नाई.' हे सांगताना तिच्या बोलण्यात जराशी फुशारकीच होती. पोर शहाणं केलं होतं ना तिने.

सहा-सात वर्षांच्या मुलाने रडणं बंद केलं म्हणजे त्याला दुखत नाही असं नसतं. बेंजामिन कार्पमन या मानसोपचारतज्ज्ञाने 1941 सालीच म्हटलं होतं की असा थंडपणा दोन वाटांनी येतो. काहींच्या स्वभावातच भीती आणि दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव कमी असते. काहींना मात्र सोसून सोसून साल चढते. बाहेरून चेहरा सारखाच दिसतो. मेसेजवाल्याला चेहरा दिसला आणि त्याने थेट निकाल देऊन टाकला.

हट्टाचं आणि उलट बोलण्याचं गणित मात्र वेगळं आहे, आणि ते कोणत्याही किराणा दुकानासमोर उभं राहून बघता येतं. पोरगं पाच रुपयांचा पुडा मागतं. आई नाही म्हणते. ते रडतं. आई डोळे वटारते. ते जमिनीवर लोळण घेतं, शिव्या देतं. लोक बघायला लागतात, आई चिडून पुडा हातात कोंबते. पोरगं गप्प. आता कोण काय शिकलं? पोरगं शिकलं की लोळलं की मिळतं. आई शिकली की दिलं की शांतता होते. दुसऱ्या दिवशी बाप घरी असतो, तो एक ठेवून देतो, पोरगं गप्प. तो शिकला की मारलं की काम होतं. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी वर्षानुवर्षं घराघरांत बसून हीच देवघेव टिपली. प्रत्येक फेरीला दोन्ही बाजूंचा आवाज एक पट्टी वर चढतो. हेच पोरगं मग वर्गात येतं आणि माझ्यावर तोच प्रयोग करतं. मीही आवाज चढवला, की शाळेतही तोच खेळ सुरू.

तिसरा दावा, रक्तातच असतं. यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. एसी व्हिडिंग आणि सहकाऱ्यांनी 2005 साली इंग्लंड-वेल्समधल्या 7 वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गातलं वागणं शिक्षकांनीच नोंदवलं होतं, म्हणजे आमच्यासारख्यांनीच. ज्या मुलांच्या उपद्रवाला भावशून्यतेची, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने काहीच न वाटण्याची, जोड होती, त्यांच्या उपद्रवात आनुवंशिकतेचा वाटा 81 टक्के निघाला. ज्यांना ती जोड नव्हती त्यांच्यात 30 टक्के. पण त्या 81 चा अर्थ 'शंभरातली एक्क्याऐंशी पोरं वाया' असा होत नाही. बियाणं कोणतं आहे ते कळतं, पीक किती येणार ते पाऊस आणि जमीन ठरवतात, हे कापूसवाल्याला मी काय सांगू? दत्तक मुलांच्या 561 कुटुंबांवरचा 2016 चा अभ्यास नेमका हेच दाखवतो. जन्मदात्या आईकडून भावशून्यतेचा धोका घेऊन आलेल्या मुलांना दत्तक आईने दीड वर्षाच्या वयात भरपूर शाबासकी, कौतुक दिलं, तेव्हा त्या धोक्याचा परिणाम पुसट झाला.

आणि गंमत बघा. रक्तातच असेल तर छडीने जाईल कसं? एकाच मेसेजात दोन्ही वाक्यं, आणि पुढे पाठवणाऱ्या एकालाही ती एकमेकांच्या उरावर बसलेली दिसली नाहीत! उलट, खरंच ज्यांच्या स्वभावात भीती कमी आहे त्यांच्यावर शिक्षा सगळ्यांत कमी चालते. ऑस्ट्रेलियात हॉज आणि डॅड्स यांनी 2005 मध्ये उपद्रवी लहान मुलग्यांच्या पालकांना शिकवून पाहिलं. चांगलं वागणं टिपून बक्षीस, कौतुक देण्याच्या भागाला भावशून्य मुलगेही इतरांइतकाच प्रतिसाद देत होते. शिस्तीच्या भागाला मात्र, म्हणजे थोडा वेळ वेगळं बसवण्याला, ते दाद देईनात. गावात बशा बैल सगळ्यांनी पाहिलाय. गोऱ्हा असताना तुतारीने, म्हणजे टोकाला आर लावलेल्या काठीने, टोचून टोचून ज्याला शिकवलं, तो पुढे नांगराच्या भर तासात बसकण मारतो. मग शेपटी पिरगळा, काही करा. असा बैल बाजारात कोणी घेत नाही आणि त्याला शिकवणाऱ्याला कोणी शहाणाही म्हणत नाही.

चौथा दावा गुन्हेगारीचा, आणि हा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो एकदा चिकटला की पोरगं त्या नावानेच ओळखलं जातं. मारणं, चावणं, ढकलणं सगळ्यांत जास्त असतं दोन-तीन वर्षांच्या वयात. रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी कॅनडात हे दाखवलं. माणूस मारायला शिकत नाही, न मारायला शिकतो, आणि काहींना वेळ जास्त लागतो. डॉक्टरसुद्धा घाई करत नाहीत. मानसिक आजारांच्या 2013 च्या अमेरिकन निदानपुस्तिकेनुसार उद्दामपणाला आजार म्हणायला निदान सहा महिने सातत्य लागतं, आणि भावशून्यतेची नोंद करायला तर बारा महिने, तीही एकाहून जास्त नात्यांत आणि ठिकाणी दिसली तर. इथे एका दुपारच्या कोरड्या डोळ्यांवर जन्मठेप!

त्याआधी कान तपासा. गंमत नाही करत. माझ्याकडे एक मुलगी होती, हाक मारली तरी ढिम्म, सांगितलेलं करायची नाही. सगळे तिला हेकट म्हणायचे, मीही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वार्षिक तपासणीला आलं तेव्हा कळलं, दोन्ही कान वाहत होते. तिला मागच्या रांगेत ऐकूच येत नव्हतं.

मोबाईलबद्दल मेसेजात एकच ओळ आहे, मीही एकच लिहितो: रडणाऱ्या पोराच्या हातात तो देणं हे त्या पाच रुपयांच्या पुड्यासारखंच आहे, बाकी माझी तक्रार नाही.

त्या पोराचं पुढे काय केलं, असं ग्रुपवर कोणी विचारेलच. फार काही केलं नाही. पाण्याच्या टाकीचा कॉक त्याच्या ताब्यात दिला. कॉक गळका होता, फिरवून दाबल्याशिवाय बंद व्हायचा नाही. रोज त्याने बंद केला की मी तिथल्या तिथे, चारचौघांत सांगायचो, आज थेंब नाही. त्याने कोणाला मारलं तर आवाज न चढवता त्या दिवशी कॉक दुसऱ्याकडे. आजीला पटवलं की रडला तर फोन आधी लाव. तिला ते पटायला दिवाळी उजाडली. माझ्याकडूनही मधे दोनदा तोंड सुटलं. चौथीपर्यंत मारामाऱ्या कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. रडताना मी त्याला कधी पाहिलं नाही. आज असं पोरगं आलं तर मी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही पाठवीन, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 नंबरवरही विचारीन. तेव्हा सुचलं नव्हतं, आणि हा नंबर तर तेव्हा नव्हताच.

या जानेवारीत तो बसस्टँडवर दिसला. चांगला उंच झालाय, मिरचीच्या टोळीबरोबर चालला होता, डोक्यावर गोधडीचं गाठोडं. नमस्कार वगैरे काही नाही. जवळ येऊन उभा राहिला, थोडा वेळ रस्त्याकडे बघत होता.

'टाकीचा कॉक तोच हाये का सर?'

म्हटलं, तोच आहे.

'फिरवून दाबा लागते तो,' म्हणाला, आणि गाडी लागली म्हणून गेला.