विकिपीडिया म्हणे कंपूच्या ताब्यात!

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो आधी गावच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि काल चक्क मावशीकडून. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'मराठी विकिपीडियावर लिहायला जाऊ नका. तिथं चार-पाच जणांचा पगारी कंपू बसलाय. नवीन माणसाचा लेख अर्ध्या तासात उडवतात. आपल्याच गावाची खरी माहिती दिली तरी पुरावा मागतात. नियम इतके की वकील लावावा लागेल. आणि एवढं करून तिथं कोणीही काहीही लिहितं, विश्वास ठेवण्यासारखं काही नाही.'

मी सहा वर्षं तिथं लिहितोय. प्रचालक नाही, व्हायची हौसही नाही. माझेही सुरुवातीचे दोन प्रयत्न पुसले गेलेत, त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. फक्त त्या रागात काय काय मिसळलंय ते जरा निवडून बघू.

'पगारी कंपू.' पगारी नाही. प्रचालक म्हणजे पान पुसण्याचे, कुलूप लावण्याचे आणि धुडगूस घालणाऱ्याला रोखण्याचे अधिकार मिळालेले सदस्य. तुमच्या-माझ्यासारखीच नोकरी-धंदा सांभाळून हे फुकटात करणारी माणसं. अमेरिकेतली विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था सर्व्हर चालवते, तिच्याकडे पगारी कर्मचारी आहेत. पण लेखात काय ठेवायचं आणि काय काढायचं हे त्यांचं रोजचं काम नव्हे. कोणी पैसे घेऊन लिहीत असेल तर त्यानं तसं उघड सांगितलंच पाहिजे, ही अट २०१४ पासून आहे. मोडणारे मोडतात, पण असे बहुधा आपल्या कंपनीची नाहीतर साहेबांची जाहिरात घुसवायला येतात. तुमच्या गावाचं पान पुसायला त्यांना कोण पैसे देणार?

तीच ती चार-पाच नावं दिसतात, हे मात्र खरं. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, पण रोज येऊन 'अलीकडील बदल', म्हणजे नुकत्याच झालेल्या संपादनांची यादी, चाळणारी माणसं अगदी थोडी. मोहल्ल्यात झाडू मारणारा एकच माणूस असला की मोहल्ला त्याच्या बापाचा आहे असं वाटायला लागतं, तसं काहीसं.

आणि या कंपूत वशिला चालतो असं वाटत असेल, तर विकिपीडियाच्या संस्थापकांपैकी एक, जिमी वेल्स, यानं २००७ साली केपटाउनजवळच्या एका मटणाच्या हॉटेलावर इंग्रजीत एका ओळीचा लेख सुरू केला. २२ मिनिटांत तो उडाला! पुढं इतरांनी संदर्भ शोधून आणले, वाद झाला, लेख परत आला आणि टिकला.

'नवीन माणसाचा लेख उडवतात.' इथं माझंच उदाहरण देतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावावर मी लिहिलेलं पहिलं वाक्य असं होतं: 'निसर्गाच्या कुशीत वसलेले, नवसाला पावणाऱ्या श्री भैरवनाथाच्या जागृत देवस्थानाने पावन झालेले, कष्टाळू व प्रेमळ लोकांचे आमचे टुमदार गाव.' जेवायला बसायच्या आधी टाकलं, हात धुऊन येतो तर गायब. संताप आला. माझ्या सदस्य चर्चा पानावर, म्हणजे मला निरोप ठेवायच्या जागी, कोणीतरी दोन ओळी ठेवल्या होत्या: 'नमस्कार. मजकूर विश्वकोशीय नाही. कृपया तालुका, लोकसंख्या, संदर्भ द्यावेत.'

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर मीच ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात गाव कुठंय हेच नव्हतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाचं नाव घाला, वाक्य चालून गेलं असतं, लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखं. आज तिथं आहे ते असं: अमुक तालुक्यातलं गाव, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या इतकी, ग्रामदैवत भैरवनाथ, चैत्रात यात्रा. रुक्ष आहे. पण नकाशा हातात घेतलेल्या परक्या माणसाच्या कामाचं आहे.

दुसरा प्रयत्न देवळाच्या स्मरणिकेतली चार पानं जशीच्या तशी टंकून केला होता. तोही गेला, आणि तो जायलाच हवा होता. विकिपीडियावर लिहिलेलं कोणीही श्रेय देऊन उचलू शकतो, छापू शकतो, विकूसुद्धा शकतो, अशा परवान्याखाली आपण लिहितो. स्मरणिकेच्या लेखकांनी ती मुभा कुठं दिली होती? मी परस्पर त्यांचं दान करून मोकळा झालो होतो. (केतकरांच्या ज्ञानकोशाची गोष्ट वेगळी. ते १९३७ साली गेले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो.)

'खरी माहिती दिली तरी पुरावा मागतात.' हो, मागतात. मेसेजमधला सगळ्यात कळीचा मुद्दा हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथंच. 'पुरावा द्या' हे ऐकलं की आपल्याला वाटतं, समोरचा आपल्याला खोटं ठरवतोय. पण तिथला प्रश्न 'तुम्हाला माहीत आहे का' असा नसतोच. 'वाचणाऱ्याला हे कुठं पडताळता येईल' एवढाच असतो. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांना २०१२ साली याचा चांगलाच हिसका बसला. त्यांच्या एका कादंबरीतलं पात्र कोणावरून बेतलंय याबद्दल इंग्रजी विकिपीडियावर चुकीचं लिहिलं होतं. त्यांनी दुरुस्ती सुचवली, तर उत्तर आलं की लेखकाचं स्वतःचं म्हणणं पुरेसं नाही, दुय्यम स्रोत, म्हणजे दुसऱ्या कोणी प्रसिद्ध केलेलं काही, हवा. मग त्यांनी 'द न्यू यॉर्कर'च्या संकेतस्थळावर जाहीर पत्र लिहिलं, आणि तेच पत्र संदर्भ म्हणून लेखात गेलं. हसू येतं, पण नियमाचा अर्थ यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

आमच्याकडे आजोबा सांगायचे की शिवाजी महाराजांनी आमच्या देवळात एक रात्र मुक्काम केला होता. मी ते शोधायला १८८५ चं सातारा गॅझेटिअर चाळलं, तालुक्याच्या वाचनालयात दोन शनिवार घालवले. काही हाती लागलं नाही. शेजारच्या तीन गावांतही हाच मुक्काम सांगतात, हे मात्र त्या निमित्तानं कळलं. ते वाक्य मी लेखात घातलेलं नाही. आजोबा खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही.

यात आपल्यावर अन्याय होतो, हेही मान्य करायला हवं. ज्या समाजांचं ज्ञान छापलंच गेलं नाही, त्यांनी संदर्भ आणायचा कुठून? जात्यावरच्या ओव्या, वैदूची औषधं, पारावरचे खेळ. २०११ साली मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी अशा तीन भाषांत लोकांच्या तोंडची माहिती ध्वनिमुद्रित करून तीच संदर्भ म्हणून वापरण्याचा प्रयोग झाला होता. तो काही सर्वमान्य रीत झाला नाही. या प्रश्नावर मेसेज लिहिला असता तर मीच पुढं ढकलला असता.

'वकील लावावा लागेल.' एसटीनं साताऱ्याला जायला मोटार वाहन कायदा पाठ करावा लागत नाही. तिकीट काढायचं, हात खिडकीबाहेर काढायचा नाही. इथंही सुरुवातीला तीनच गोष्टी पुरतात: कुठं वाचलं ते लिहा, दुसऱ्याचं उतरवू नका, स्वतःवर आणि घरच्यांवर लेख लिहू नका. बाकीचे नियम चुका करत कळतात. थेट लेखात हात घालायची भीती वाटत असेल तर 'धूळपाटी' आहे. आपलं स्वतःचं सरावाचं पान, दिसतं मात्र सगळ्यांना. तिथं वाटेल तेवढं खरडा. शंका असेल तर 'चावडी'वर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, विचारा. ही नावं ज्यांना सुचली त्यांना माझा दंडवत.

उत्तरं मात्र नेहमी वेळेवर येत नाहीत, आणि आली तरी बऱ्याचदा साचेबंद असतात. नवख्याला 'चावू नका' असा संकेत तिथं लिहून ठेवलाय, आणि तो पाळला जात नाही असंही होतं. इंग्रजी विकिपीडियावर लिहित्या लोकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर जाऊन मग घसरली. नवख्यांची चांगल्या हेतूनं केलेली संपादनंही फटाफट उलटवली जात होती, हे त्यामागचं एक कारण अभ्यासकांनी दाखवलं. म्हणजे मेसेजवाल्याची जखम खरी असू शकते. कंपू तेवढा काल्पनिक.

राहिलं 'कोणीही काहीही लिहितं'. अहो, मग अर्ध्या तासात उडवतं कोण? दोन्ही तक्रारी एकाच दमात कशा करता येतील? २००५ साली जॉन सीगनथॅलर या अमेरिकन पत्रकाराच्या लेखात कोणीतरी थट्टेत घातलं की केनेडी बंधूंच्या हत्यांत यांच्यावर संशय होता. ते जवळजवळ चार महिने तसंच राहिलं. त्यानंतर इंग्रजीत खातं न उघडता नवा लेख सुरू करण्याची सोय काढून टाकली. म्हणजे जाच वाटणाऱ्या एका नियमाच्या पोटात कोणाची तरी बदनामी आहे. मराठीत डोळे कमी, म्हणून चुका जास्त दिवस राहू शकतात. लेखाखालचे संदर्भ उघडून बघावेत, वरचा 'इतिहास' दाबून कोणी कधी काय बदललं तेही बघावं. वर्तमानपत्राला असं बटण नसतं.

काल मावशीला विचारलं, 'कुठला लेख उडवला गं?' तिला माहीत नव्हतं. तिला पाठवणाऱ्या काकूंनाही नाही, गावच्या ग्रुपवर टाकणाऱ्यालाही नाही. पान पुसलं तरी कोणी, कधी आणि काय कारण देऊन पुसलं, याची नोंद कोणालाही बघता येते; फक्त लेखाचं नाव लागतं. कोणाला ते मिळालं तर मला पाठवा, बघून सांगतो.