सोळा इनपुट म्हणे!

ऑडिओ इंटरफेस घ्यायचा होता, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा. खोक्यावर, जाहिरातीत, वेबसाइटवर, सगळीकडे ठळक अक्षरांत १६ इनपुट. मला हवेत किती, तर चार. चार माइक एका वेळी लावायचेत, दोन गाणाऱ्यांसमोर, दोन गिटारसमोर, संपलं. म्हटलं सोळा म्हणजे पुरून उरतील, घेऊन टाकू, आणि सवयीप्रमाणे ऑर्डर करायच्या आधी मॅन्युअलची पीडीएफ उघडली तर आत कुठेतरी एका तक्त्याच्या खाली, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत खरा हिशोब. आठ इनपुट ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या केबलने डिजिटल आवाज घेणारे. दोन कोअॅक्शियल डिजिटल. चार मागच्या बाजूला लाइन इन, म्हणजे तिथे कीबोर्ड लावा, माइक लावून काही होणार नाही कारण माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअँपच नाहीये तिथे. गेले चौदा. माइकचे उरले दोन. दोन!!

सोळा खोल्यांचं घर म्हणून विकायचं आणि चावी देताना सांगायचं की त्यातल्या आठ खोल्या तुम्ही शेजारचा प्लॉट घेऊन बांधायच्या आहेत, हा प्रकार आहे हा. कारण ते आठ ऑप्टिकल जागे करायचे तर आठ प्रीअँपचा वेगळा डबा घ्या, त्याला वेगळा पॉवर सप्लाय, वेगळी केबल, आणि मग क्लॉक, म्हणजे ज्या ठेक्यावर डबा आवाज मोजतो ते, कोणी कोणाचं पाळायचं यावरून दोन डब्यांची भांडणं सोडवत बसा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक ऐका. बरं तेही आठ कधी, तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे तो आकडा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ असेल तर. ९६ वर गेलात की आठाचे चार. १९२ ला दोन, काही डब्यांत तर तेही बंद. म्हणजे एकाच पानावर शेजारीशेजारी छापलंय १६ इनपुट आणि १९२ किलोहर्ट्झ, आणि या दोन गोष्टी एकत्र मिळतच नाहीत! छापताना हात कसा थरथरला नाही रे कोणाचा.

मी सपोर्टला मेल केला. सभ्य भाषेत, हे मुद्दाम सांगतो कारण माझ्याकडून ते क्वचित होतं. विचारलं की चार कंडेन्सर माइक एका वेळी चालतील का, हो की नाही. उत्तर आलं, आमचं प्रॉडक्ट १६ चॅनेल सपोर्ट करतं, हॅपी रेकॉर्डिंग, आणि पुढे हसरा चेहरा. तो हसरा चेहरा माझ्या डोक्यात गेलाय. हो की नाही विचारलं होतं ना? परत लिहिलं की माइक किती, बाबा, माइक. तर म्हणे कृपया स्पेसिफिकेशन पाहा. तेच बघून तर तुमच्याकडे आलोय!!

आणि आता विषय निघालाच आहे तर लेटन्सी, म्हणजे आवाज आत जाऊन परत कानात यायला लागणारा उशीर. "अल्ट्रा लो लेटन्सी, १.३ मिलिसेकंद". हो, बफर म्हणजे कॉम्प्युटर एका दमात घेतो तो आवाजाचा तुकडा, आणि ४८ ला ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंद, हा भागाकार आहे, हे यांनी काही शोधून काढलेलं नाही, हे कोणत्याही डब्याला लागू आहे. आवाज आत जाताना एक बफर, बाहेर येताना दुसरा, वर आवाजाचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरचा वेळ, वर ड्रायव्हरने गुपचूप ठेवलेला जास्तीचा बफर, हे सगळं मिळून किती ते सांगा की. ते कुठ्ठे लिहिलेलं नसतं. आणि ६४ वर आवाजाला इफेक्ट देणारे चार प्लगइन टाकले की कॉम्प्युटर कडकड आवाज करायला लागतो, मग निमूट २५६ वर या, तिथे नुसते दोन बफरच १०.७ मिलिसेकंद. यावर कोणीतरी शहाणा हमखास सांगतो की अहो हे म्हणजे अँपपासून साडेतीन मीटरवर उभं राहण्यासारखं, त्यात काय एवढं. गिटारला असेल ठीक. हेडफोन लावून गाऊन बघ एकदा, स्वतःचा आवाज कवटीतून आधी येतो आणि कानात मागून, आपणच आपल्या मागे बोलतोय. मग डायरेक्ट मॉनिटरिंग लावा म्हणतात, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात. लावलं. कॉम्प्युटरमधला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, गेला. कोरड्या आवाजात गा आता.

ड्रायव्हरचं तर बोलूच नका. स्टाइनबर्ग कंपनीने एएसआयओ, म्हणजे कमी उशिराने आवाज नेणाऱ्या ड्रायव्हरची पद्धत, आणली १९९७ मध्ये, आणि आजही स्वस्तातले कित्येक डबे स्वतःचा ड्रायव्हर न देता सांगतात की नेटवरून अमुक फुकटचा उतरवून घ्या. आणि ज्यांनी स्वतःचा दिला होता त्या एका कंपनीने माझा जुना, ठणठणीत चालणारा डबा एका सिस्टिम अपडेटनंतर "लेगसी" करून टाकला. दिवे लागतात, नॉब फिरतात, कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट येतात, फक्त कॉम्प्युटर ओळख दाखवत नाही. हार्डवेअर मेलं असतं तर दुःख नव्हतं. हा जिवंतपणी गेला.

मग रिव्ह्यू बघायचे. बघा म्हणतात सगळे, बघून घ्या. पहिली पाच मिनिटं खोकं उघडण्यात, मग बॉडी मेटलची आहे यावर भाषण, मग तीन इंटरफेसवर तीच कॉर्ड वाजवून "फरक ऐकू येतोय ना?" नाही येत. कसा येईल, इनपुट नॉइज, म्हणजे प्रीअँपची स्वतःची खरखर, बहुतेकांचा उणे १२८ डीबीयूच्या आसपास, १५० ओहमच्या माइकला भौतिकशास्त्राचीच सीमा उणे १३१ च्या जवळ, म्हणजे सगळी मारामारी दोन-तीन डेसिबलसाठी, आणि माझ्या लॅपटॉपचा पंखाच त्याच्या कितीतरी वर घरघरतोय. २४ बिट म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात १४४ डेसिबलचं अंतर, तेही कागदावर, प्रत्यक्षात चांगले डबे १२० च्या आसपास दमतात. १९२ किलोहर्ट्झ कोणासाठी, वटवाघळांसाठी? चार ट्रॅक ४८ ला मिनिटाला साधारण ३५ एमबी, १९२ ला १३८. एवढी डिस्क कसली भरायची, तर माझा खोकला हाय रिझोल्युशनमध्ये.

आता खरं सांगायचं तर हा सगळा त्रागा ज्या गाण्यासाठी चाललाय त्याचा दुसरा अंतरा अजून लिहून झालेला नाही. इंटरफेसच्या तुलनेचा तक्ता मात्र तयार आहे, रंगीत, रकाने आणि उपरकाने, एका रकान्याचं नाव "खोटं बोलतात का". मित्राला दाखवला तर म्हणाला चाल तरी ऐकव. चाल मोबाइलवर गुणगुणून ठेवलीय, आणि वाईट म्हणजे ती छान वाटतेय ऐकायला.

पण म्हणून यांना सोडायचं का? यूएसबी सी म्हणून मिरवतात आणि आत तेच जुनं यूएसबी २.०. त्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही, १६ चॅनेल २४ बिट ४८ ला सेकंदाला साडेअठरा मेगाबिटसुद्धा लागत नाहीत आणि २.० मध्ये ४८० आहेत, पुरे की. मग प्रामाणिकपणे सांगा ना २.० आहे म्हणून, खोक्यावर विजेचं चित्र कशाला काढता? दोन माइकांना मिळून ४८ व्होल्टचं एकच बटण, हे कोणत्या काटकसरीत बसतं? हेडफोनचं आउटपुट इतकं अशक्त की २५० ओहमचा हेडफोन लावला की गाणं पुढच्या खोलीतून येतंय असं वाटावं. सोबत फुकट सॉफ्टवेअर, "लाइट", ते उघडायला तीन अकाउंट, चार मेल, एक लायसन्स मॅनेजर, आणि त्यात ट्रॅक किती, तर आठ. अरे तुमचे इनपुटच सोळा आहेत ना!