कचऱ्यावर हक्क कुणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत रंगकाम आणि टँकर या विषयांवरची चर्चा संपल्यावर एका सभासदांनी मुद्दा मांडला की, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना आपण दरमहा घरटी शुल्क देतो आणि वर त्या आपल्याच घरचे पुठ्ठे, बाटल्या व रद्दी विकून पैसे मिळवतात. तेव्हा एकतर शुल्क बंद करावे, नाहीतर भंगाराचे पैसे सोसायटीत जमा करावेत. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला तेव्हा नीट उत्तर सुचले नाही, म्हणून ते येथे लिहितो आहे.

पुण्यात कचरा वेचणाऱ्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत, त्या बहुतांशी दलित समाजातल्या आहेत आणि त्यांतील अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून शहरात आली. तीसेक वर्षांपूर्वीपर्यंत पाठीवर पोते टाकून कुंडीत उतरणाऱ्या बाईकडे शहर एकतर चोर म्हणून पाहत असे किंवा पाहतच नसे. मे १९९३ मध्ये आठशेहून अधिक कचरावेचक पुण्यात एकत्र आले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. हमाल पंचायत बांधणारे डॉ. बाबा आढाव तिचे अध्यक्ष होते, तर एसएनडीटी विद्यापीठात प्रौढ शिक्षणाचे काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा उभारणीत मोठा वाटा होता. संघटनेने आधी मागितले ते ओळखपत्र. ज्याला कधी संशयावरून हटकले गेले नाही, त्याला त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याचे मोल कळणे कठीण आहे.

हमालांची लढाई आणि ही लढाई यांत एक मूलभूत फरक होता. हमालाचे काम कुणासाठी चालले आहे हे दिसते, त्यामुळे ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीच्या १९६९ च्या माथाडी कायद्यात त्या मालकाकडून मंडळामार्फत मजुरी आणि लेव्ही (कामगारांच्या कल्याणासाठीची जादा रक्कम) वसूल करण्याची सोय करता आली. कचरा वेचणाऱ्या बाईला मालकच नव्हता. भंगारवाला म्हणे, मी तर नुसता गिऱ्हाईक. महापालिका म्हणे, यांना आम्ही कुठे कामावर ठेवले आहे. आणि नागरिकांच्या लेखी कचरा दाराबाहेर गेला की तो संपलेला असे. म्हणजे शहराचा खर्च वाचवणाऱ्या, कारखान्यांना कच्चा माल पुरवणाऱ्या या श्रमाची किंमत द्यायला कुणीच बांधील नव्हते.

हा पेच २००८ मध्ये काही अंशी सुटला. कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि पुणे महापालिका यांच्यात करार झाला, कुंडी सुटून दारोदार संकलन सुरू झाले आणि नागरिकांनी सेवेचे शुल्क थेट द्यावे व सुक्या कचऱ्यातले विकण्याजोगे भंगार वेचकांकडे राहावे, अशी रचना ठरली. आमच्या सभासदांना ही दुहेरी कमाई वाटते. वस्तुतः ती दोन वेगळ्या कामांची किंमत आहे. चौथ्या मजल्यावरून कचरा खाली आणून तो महापालिकेच्या गाडीपर्यंत पोहोचवणे ही सेवा झाली. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, काच, पत्रा हाताने निवडून, साफ करून, वजनावर विकणे हे दुसरे काम, आणि त्याचा दर बाजार ठरवतो. आपण फेकले तेव्हा त्या वस्तूची किंमत शून्य होती. ती किंमत तिच्या हातांनी निर्माण केली. (रद्दी तर आपण आधीच स्वतः विकून टाकतो, हे सभेत कुणालाच आठवले नाही.)

पर्यावरणाचा प्रश्न येथेच येऊन मिळतो. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या कचरा डेपोलगतच्या गावांतील लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, विहिरी नासल्याच्या तक्रारी केल्या आणि वारंवार रस्त्यावर उतरून गाड्या अडवल्या. त्या डेपोकडे जाणारा ढीग लहान करायचा असेल, तर वर्गीकरण घरापाशीच झाले पाहिजे, आणि भंगार ज्याच्या मालकीचे त्यालाच ते मन लावून निवडण्यात रस असतो. टनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला मात्र ढीग जितका मोठा तितका फायदा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, त्यामागेही हाच व्यवहार आहे. तरीही यंत्रांचा झगमगाट दाखवणारा ठेकेदार आला की धोरण डळमळू लागते.

या रचनेत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. शुल्क बुडवले तर तोटा बाईचा, भंगाराचे भाव पडले तर तोटा बाईचा, आजारपणाच्या दिवशी बदली शोधायची तीही बहुधा तिनेच. २०२० च्या टाळेबंदीत भंगाराची दुकाने बंद पडली तेव्हा ही जोखीम उघडी पडली. कचरा मात्र रोज उचललाच जात होता. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घ न्यायालयीन लढा दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कंत्राटी सफाई कामगारांची कायम नोकरी मान्य झाली. ती वाट मालकाकडून हक्क मिळवण्याची, पुण्याची वाट स्वतः मालक होण्याची. मला दुसरी अधिक मोलाची वाटते, परंतु मालकी देऊन जोखीमही सगळी गळ्यात घातली, तर महापालिका स्वस्तात सुटते, आणि तिच्याबरोबर आपणही.

सभेतला ठराव पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला आहे. ज्यांच्या कमाईविषयी तासभर बोलणे झाले, त्यांना बोलावण्याचे कुणाच्या मनात आले नाही, म्हणून त्यांना निमंत्रण द्यावे असे मी सचिवांना लेखी कळवले आहे. सभेची वेळ मात्र बदलावी लागेल, कारण रविवारी सकाळी दहा वाजता आपण सभागृहात जमतो तेव्हा ताई बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर असतात.