‘दहा मिनिटांत एलईडी इंडिकेटर’: त्या संदेशातील धोकादायक सल्ले

सोलापुरात विजापूर रोडला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या रविवारी मोटारसायकल माझ्या दारात आणून लावली आणि म्हणाला, “मामा, नवे इंडिकेटर लावल्यापासून सीटखालून जळका वास येतोय.” सीट काढली तेव्हा बाजूच्या प्लास्टिकच्या पॅनेलला चिकटपट्टीने गुंडाळलेला सोनेरी रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवून तिची उष्णता करणारा छोटा भाग, दिसला. पट्टीचा डिंक वितळून काळा ओघळ आला होता, पॅनेलला खळगा पडला होता आणि शेजारून जाणाऱ्या वायरींचे आवरण नखाने दाबले जाईल इतके मऊ झाले होते. हे त्याने व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश वाचून केले होते. ‘मेकॅनिकला पैसे कशाला? दहा मिनिटांत एलईडी इंडिकेटर स्वतः लावा’ असे त्याचे शीर्षक असून तो मलाही आतापर्यंत तीन जणांनी पाठवला आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही सीट उघडून पाहिलेली दिसत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

त्यातला सर्वांत घातक सल्ला असा: ‘इंडिकेटर भरभर उघडझाप करू लागले, तर २५ वॅटचा रेझिस्टर आणा आणि सीटखाली जागा मिळेल तिथे चिकटपट्टीने बसवा.’ रेझिस्टरने उघडझाप पूर्ववत होते, एवढे मान्य करावे लागेल. मूळचे दोन बल्ब प्रत्येकी १० वॅटचे असले, तर एका बाजूला २० वॅटचा भार पडतो आणि फ्लॅशर, म्हणजे दिव्यांची उघडझाप घडवणारा भाग, त्या भारावर चालतो. एलईडी जेमतेम एक-दोन वॅट घेतात, त्यामुळे बल्ब उडाला आहे असे समजून फ्लॅशर वेग वाढवतो. रेझिस्टर कमी पडलेला भार भरून काढतो, पण तो भरून काढतो उष्णतेच्या रूपाने. बाजारात सर्रास मिळणारा १० ओहमचा रेझिस्टर इंजिन चालू असताना १४ व्होल्टवर १९.६ वॅट खातो, आणि त्यातून प्रकाश मात्र काहीच मिळत नाही. त्यावर छापलेले २५ वॅट हे तो धातूच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवला तरच खरे असतात. तो प्लास्टिकला बांधून वर चिकटपट्टी गुंडाळली, तर उष्णतेला बाहेर पडायला वाट उरत नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा ४२ अंशांचा, आणि वळण घेतल्यावर इंडिकेटर बंद करायचे विसरणे तर रोजचेच. सात रस्त्याला लावलेला इंडिकेटर होटगी रोडपर्यंत तसाच चालू ठेवणारे मी दररोज पाहतो.

याच संदेशात ‘एलईडीमुळे बॅटरीची बचत होते’ असाही मुद्दा आहे. एलईडी कमी वीज घेतात हे खरेच आहे. पण रेझिस्टर लावताच वाचलेली जवळजवळ सगळी वीज पुन्हा खर्ची पडते, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले नाही.

‘उघडझाप वेगाने होऊ द्या, उलट लक्ष जास्त वेधले जाते’ हा दुसरा सल्ला सरळ नियमाविरुद्ध आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ नुसार इंडिकेटरचा रंग अंबर, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा पिवळा असावा लागतो आणि उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी किंवा १२० पेक्षा जास्त असून चालत नाही. निळे-पांढरे दिवे ‘आता चालतात’ हे संदेशातील विधानही याच नियमाने निकालात निघते.

‘हिरवी वायर म्हणजे अर्थ’ (वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी वायर) हे वाक्य वाचून तर मी थक्क झालो. होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थची असते. यामाहात मात्र अर्थ काळी असते आणि गडद हिरवी वायर उजव्या इंडिकेटरची असते. ती अर्थला जोडून उजवा इंडिकेटर लावला की फ्यूज गेलाच. रंगावर विसंबण्याऐवजी टेस्ट लॅम्प (वायरीत वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून पाहायला एक मिनिटही लागत नाही.

चारही इंडिकेटर एकदम लागू लागले, तर संदेश बॅटरीला दोष देतो. बॅटरीचा इथे काही संबंध नाही. ज्या गाड्यांच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच खुणेचा दिवा असतो, त्यांत तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. बल्ब असताना त्यातून पलीकडे जाणारा किरकोळ प्रवाह दिसत नसे. एलईडी पेटायला मात्र तेवढा पुरतो. दोन्ही वायरींतून एकेक १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) त्या दिव्याकडे घ्यावा आणि दिव्याचे दुसरे टोक अर्थला न्यावे, म्हणजे हा दोष जातो.

भाच्याच्या गाडीतला रेझिस्टर मी काढून टाकला, मऊ पडलेल्या वायरींना नवे आवरण चढवले आणि भारावर अवलंबून नसलेला तीन पिनांचा एलईडी फ्लॅशर बसवला. त्याची ‘बी’ पिन बॅटरीकडून येणाऱ्या वायरला, ‘एल’ पिन इंडिकेटरच्या बटणाकडे जाणाऱ्या वायरला आणि ‘ई’ पिन चासीवर रंग खरवडून अर्थला जोडली. या फ्लॅशरची एक उणीव आहे: एखादा इंडिकेटर बंद पडला तरी वेग बदलत नाही, त्यामुळे चारही दिवे अधूनमधून उतरून पाहावे लागतात. ते मी भाच्याला बजावून सांगितले आणि घड्याळ लावून दोघांनी मोजले. मिनिटाला ८४ वेळा उघडझाप झाली.