बीलेफेल्ड खाली गेलं, पुणे गेलंच

आर्मिनिया बीलेफेल्ड या जर्मन फुटबॉल क्लबच्या 2024-25च्या मोसमाचा विषय निघाला की गाडी लगेच लेव्हरकुसेनवर येते. येणारच म्हणा. तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबने जर्मन कपमध्ये युनियन बर्लिन, फ्रायबुर्ग, वेर्डर ब्रेमेन आणि सेमीफायनलला गतविजेतं लेव्हरकुसेन, असे चार बुंडेसलीगावाले (म्हणजे पहिल्या श्रेणीतले) ओळीने घरी पाठवले. लेव्हरकुसेनने आधी गोल केला होता, तरी 2-1!

पण मला विचाराल तर त्या वर्षाची खरी कमाई कप नाही, लीग. 'ड्रिटे लीगा', म्हणजे ही तिसरी श्रेणी, फार निष्ठुर आहे. 20 संघ, 38 सामने. वर थेट दोनच जातात, तिसऱ्याच्या नशिबी प्लेऑफ (वरच्या श्रेणीतल्या तळाकडच्या संघाशी लढत), आणि तळातले चार सरळ चौथ्या श्रेणीत. कपचं वेड डोक्यात घेऊन त्या लीगमध्ये पहिलं येणं सोपं नाही. ते आले.

हा क्लब 2022मध्ये बुंडेसलीगातून पडला, 2023मध्ये दुसऱ्या श्रेणीतूनही. प्लेऑफमध्ये वेहेन वीसबाडेनने पहिल्याच सामन्यात 4-0 धुतला. पुढच्या मोसमात तर आणखी खाली जाता जाता वाचला. या सगळ्यात फाबियान क्लोस हा स्ट्रायकर थांबला. 2011पासून तिथेच. तिसऱ्या श्रेणीतही क्लबबरोबर उतरला, 2024मध्ये निवृत्त झाला आणि नेमका हा मोसम त्याचा हुकला. याची मला अजून चुटपुट लागते.

(बीलेफेल्ड नावाचं गावच नाही, असा जर्मनीत जुना विनोद आहे. 2019मध्ये शहराने ते सिद्ध करणाऱ्याला 10 लाख युरो जाहीर केले होते. आपल्याकडे दुकानात डॉ. ओटकरचं मेयोनीज मिळतं ना, ती कंपनी तिथलीच. तेव्हा गाव आहे.)

आता आपलं बघा. आयएसएलमधून, म्हणजे इंडियन सुपर लीग या आपल्या फुटबॉल लीगमधून, 2024-25पर्यंत एकही संघ खाली गेला नव्हता. खाली जायला पायरीच नव्हती. कारण काय, तर गुंतवणूकदाराला खात्री हवी. मग एफसी पुणे सिटीचं काय झालं? 2019मध्ये संघ गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला गेली. बालेवाडीत आरडाओरडा करणाऱ्यांना कुणी विचारलंही नाही. दोन पायऱ्या घसरलेला संघ त्याच गावात राहतो, आणि ज्याला घसरायची भीतीच नाही तो एका फटक्यात नाहीसा होतो. खात्री नक्की कोणाला मिळाली?

खाली जायची पायरी नको म्हणणाऱ्यांचं "लोक खालच्या लीगला येणार नाहीत" हे कारणही मला पटत नाही. बीलेफेल्डचे लोक तिसऱ्या श्रेणीतही आल्मवर, म्हणजे क्लबच्या स्टेडियमवर, येत होतेच. कपच्या बर्लिनमधल्या फायनलमध्ये श्टुटगार्टने 4-0 आघाडी घेतली, तरी यांनी शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल फेडले. 4-2 हरले. पण तोवर वरच्या श्रेणीचं तिकीट खिशात होतं.