सहा आठवडे मोजायचे कुठून?

मुंबईत एखादा प्रकल्प रखडला की दोन बाजू ठरलेल्या. एक म्हणते, जमीनमालक कोर्टकचेऱ्या करतात म्हणून कामं अडतात, मुदती आणखी आवळा. दुसरी म्हणते, संपादित जमिनीच्या मोबदल्याला आव्हान द्यायला सहा आठवडे ही थट्टा आहे, मुदत वाढवा. लंडनमधून हा वाद वाचताना वाटतं, भांडण भलत्याच जागी चाललंय. मालक अडकतो तो मुदत कधी सुरू झाली, यात.

सहा आठवडे इंग्लंडमध्येही आहेत, पण सक्तीच्या संपादनाचा आदेशच बेकायदा आहे असं म्हणत हायकोर्टात जाण्यासाठी. पैशाचा वाद लवादाकडे न्यायला सहा वर्षं मिळतात. घोषणापत्र काढून जमीन घेतली असेल तर ती सहा वर्षं मालकाला ते कळलं, किंवा कळायला हवं होतं, तेव्हापासून धरतात. मागणी केली की संपादन करणाऱ्या संस्थेला स्वतःच्या अंदाजाच्या ९० टक्के रक्कम आगाऊ द्यावी लागते. सर्व्हेअर आणि वकिलाची वाजवी फीसुद्धा भरपाईतच धरतात. काम पुढे जातं, हिशेब मागून होतो.

म्हणून तिकडचं सगळं सोनं, असंही नाही. बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने गेली म्हणून वरची भर, आपला २०१३ चा भूसंपादन कायदा देतो, इंग्लंडचा देत नाही. ताबा घेऊन पैसे थकवले तर पहिल्या वर्षी ९ आणि पुढे १५ टक्के व्याजही आपल्याकडे आहे.

घोळ आपल्या कायद्याच्या कलम ६४ मध्ये, म्हणजे मोबदल्याला आव्हान देण्याच्या कलमात, आहे. निवाड्याच्या (जिल्हाधिकाऱ्यांनी मोबदला ठरवून दिलेल्या आदेशाच्या) वेळी मालक स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर असेल, तर निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवडे. नसेल तर कलम २१ ची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. पण कलम २१ ची नोटीस निवाड्याच्या आधीची, हक्क आणि मागण्या मांडायला बोलावणारी. निवाडा झाल्याचं कळवणारी नोटीस कलम ३७ खाली निघते. १८९४ च्या कायद्यात याच जागी निवाड्याच्या नोटिशीचं कलम, १२(२), होतं. नव्यात आकडा चुकलेला दिसतो, आणि शब्दशः वाचलं तर निवाडा व्हायच्या आधीच मुदत संपू शकते! जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच राजा हरिश्चंद्र राज सिंह प्रकरणात सांगितलं होतं की निवाड्याची तारीख म्हणजे तो मालकाला कळला किंवा कळवला गेला ती तारीख. हे कलमातच लिहायला काय हरकत आहे? सबळ कारण असल्यास जिल्हाधिकारी आणखी एक वर्षापर्यंत उशीर माफ करू शकतात, ही नव्या कायद्यातली सुधारणा खरी. पण माफी मागावी लागते, ती हक्काने मिळत नाही.

विक्रोळीतल्या बुलेट ट्रेनच्या जमिनीचंच बघा. निवाडा १५ सप्टेंबर २०२२ चा, २६४ कोटींचा. संपादनाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०२३ ला फेटाळली. अशा निवाड्याला हजर असलेल्या मालकाचे सहा आठवडे २७ ऑक्टोबरलाच संपतात. रिट लावली म्हणून कलम ६४ चं घड्याळ आपोआप थांबत नाही. संपादनाला विरोध असला तरी मोबदल्याचा अर्ज वेगळा आणि वेळेत करावा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी सापळा कुलमुखत्यारपत्रात आहे. भाऊ किंवा चुलते ते घेऊन निवाड्याच्या वेळी बसले, हजेरीवर सही केली, की कायद्याच्या नजरेत तुम्हीच हजर. मग सहा महिन्यांचा आधार गेला. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, तेही राहून जातं. पैसे घेताना निषेध नोंदवून, हक्क राखून घेतल्याचं लेखी द्या. बिनशर्त रक्कम उचलली तर कलम ७७ प्रमाणे कलम ६४ चा अर्जच करता येत नाही. थेट खरेदीत, म्हणजे वाटाघाटीने जमीन विकली तर, निवाडाच नसतो, त्यामुळे खरेदीखतावर सही झाली की या वाटेने दाद मागता येत नाही.

अर्जात मोजणीचं क्षेत्र, मोबदल्याची रक्कम, हिस्सेवाटणी यातलं काय मान्य नाही ते कारणांसह लिहा आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. जिल्हाधिकाऱ्यांनी तो ३० दिवसांत, असे वाद ठरवणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. नाही पाठवला तर प्राधिकरणाकडे थेट जाता येतं, पण ३० दिवस कुठून धरायचे हे त्या शिक्क्यावरूनच ठरतं.