तीन टक्क्यांची बिअर आणि मद्यराष्ट्राचा वाद

महाराष्ट्रात दारूवरून वाद पेटला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो बंद करा, दुसरा म्हणतो तिजोरीचं काय. जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय झाला, तेव्हा ‘मद्यराष्ट्र’ हा शब्द गाजला आणि अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. ऑक्टोबर २०२३मध्ये बिअरवरचं उत्पादन शुल्क कमी करावं का, हे पाहायला सरकारने समिती नेमली; पुन्हा तेच दोन आवाज. जून २०२५मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर गेलं आणि बिअर-वाइन त्यातून सुटली. एवढ्या सगळ्या गदारोळात बाटलीत अल्कोहोल किती, हा प्रश्न माझ्या कानावर काही आला नाही. लंडनमध्ये राहून मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटायला लागलाय, आणि त्याला कारण तीन टक्क्यांची बिअर.

लंडनच्या बर्मंडसी भागात रेल्वे पुलाच्या कमानींखाली छोट्या ब्रुअरीजची रांगच आहे. २००९मध्ये सुरू झालेली द कर्नल ही तिथली जुनी. ती ‘टेबल बिअर’ नावाची बिअर करते, साधारण तीन टक्क्यांची, प्रत्येक खेपेला थोडी इकडेतिकडे. ग्लास नाकाशी नेला की आधी संत्र्याची साल, मग पिकल्या फळांचा वास. हॉप्स, म्हणजे बिअरला वास आणि कडूपणा देणारी फुलं, कोणते घातलेत त्यावर हा वास बदलतो. सिट्रा जातीचे असले तर आंबा आणि लिची, नेल्सन सोव्हिन असले तर द्राक्षं. हे सगळं सुख अल्कोहोलकडून येत नाही, हॉप्सच्या फुलातल्या तेलांतून येतं. म्हणून अल्कोहोल निम्म्यावर आणलं तरी वास निम्मा होत नाही. या बिअरची सगळी मोहिनी या एका गोष्टीत आहे.

दुसरं आकर्षण रोजच्या जगण्याचं. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातली मंडळी पबमध्ये जातात. न गेलं तर आपण बाहेरचे ठरतो आणि गेलं की एका पाइंटवर सुटका नसते, कारण इथे प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायचं असतं. चौघं असतील तर चार पाइंट. पाच टक्क्यांच्या चार पाइंटांनंतर बुधवार गेलाच म्हणायचा. तीन टक्क्यांच्या चारांनंतर मी घरी येऊन वरणभाताचा कुकर लावते. ब्रिटिशांना हे नवं नाही. त्यांची साधी ‘बिटर’ साडेतीन-चार टक्क्यांचीच असायची आणि लोक ती पीत संध्याकाळभर बोलत बसायचे. नव्या ब्रुअर्सनी त्या जुन्या सवयीत अमेरिकन हॉप्स ओतले, एवढंच.

पण निव्वळ सवयीवर हा बाजार उभा राहिला नाही, कराने त्याला हात दिला. ब्रिटनने २०११मध्ये २.८ टक्के किंवा त्याहून कमी अल्कोहोलच्या बिअरवरचं शुल्क निम्मं केलं. ऑगस्ट २०२३पासून ही रेषा ३.४ टक्क्यांवर सरकली आणि एकूण मद्यकरच अल्कोहोलच्या प्रमाणावर बेतला गेला. त्या वर्षीच्या दराने हिशेब करा: ३.४ टक्क्यांच्या एका पाइंटभर, म्हणजे ५६८ मिलिलिटर, डबाबंद बिअरवर शुल्क साधारण १८ पेन्स. तीच बिअर ३.५ टक्क्यांची केली की ४२ पेन्स. पाच टक्क्यांची केली की ६०. मोठ्या कंपन्यांनीही लगेच पातेलं पातळ केलं. फॉस्टर्स चारावरून ३.७वर आली, कार्ल्सबर्ग ३.८वरून ३.४वर. दुकानातल्या किमती मात्र त्या प्रमाणात उतरल्या नाहीत, म्हणून इथले पिणारे चिडले. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. सरकारने सूट द्यायची आणि ती कंपनीने खिशात घालायची, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

आता उणिवा. त्या बऱ्याच आहेत, आणि क्राफ्टवाले, म्हणजे हे छोटे ब्रुअर, त्यांच्याबद्दल सहसा बोलत नाहीत.

अल्कोहोल फक्त नशा देत नाही. ते बिअरला अंग देतं, किंचित गोडवा देतं, वास वर उचलतं. ते काढलं की जिभेवर पाणी उरतं आणि त्या पाण्यावर हॉप्सचा कडवटपणा उघडा पडतो. जास्त उकळलेल्या चहासारखी ती बिअर जिभेला ओढते. पाच-सहा टक्क्यांच्या आयपीएत, म्हणजे हॉप्सचा भरणा असलेल्या बिअरमध्ये, माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गोडी या कडूपणाला सावरून धरते, इथे सावरायला कोणी नाही. चांगला ब्रुअर त्यावर उपाय करतो. माल्ट पाण्यात भिजवताना तापमान सत्तर अंशांच्या आसपास ठेवतो, म्हणजे यीस्टला न पचणारी शर्करा मागे राहते, ओट्स घालतो, हॉप्स उकळीत न टाकता शेवटी, थंड झाल्यावर टाकतो, म्हणजे वास येतो आणि कडूपणा आवरतो. हे जमणारे मोजके. बाकीचे नेहमीचीच आयपीए कमी माल्टवर करतात आणि डब्यावर सूर्य, समुद्र आणि सायकल यांची चित्रं छापतात.

ब्रूडॉगचा किस्सा यावर बोलका आहे. २००९मध्ये या स्कॉटिश कंपनीने टोकियो नावाची १८.२ टक्क्यांची बिअर काढली आणि टीका ओढवून घेतली. उत्तरादाखल त्यांनी १.१ टक्क्यांची बिअर काढली, नाव ‘नॅनी स्टेट’, आणि चिडून तिच्यात हॉप्सचा मारा केला. टोमणा म्हणून झकास. पुढे पाककृती बदलून ती अर्ध्या टक्क्यावर आणावी लागली आणि ती खरोखरच विकली जाऊ लागली.

किमतीचं दुखणं वेगळंच. तीन टक्क्यांच्या बिअरला माल्ट कमी लागतो, पण खर्चिक माल असतो तो हॉप्स, आणि ते तितकेच लागतात, कधी जास्तच. त्यामुळे कर वाचूनही क्राफ्टवाल्यांचा पाइंट फारसा स्वस्त होत नाही. निम्म्या अल्कोहोलसाठी जवळजवळ पूर्ण पैसे मोजायला मन तयार असावं लागतं. माझं असतं, कारण मी वासाचे पैसे देते.

माझा नागपूरचा मावसभाऊ असे पैसे देणार नाही. इथे आला होता तेव्हा मोठ्या कौतुकाने त्याला टेबल बिअर पाजली. अर्धा ग्लास संपवून तो म्हणाला, “ताई, वास भारी आहे गं. पण याच्यात चढायला काय आहे?” त्याचा हिशेब सरळ आहे. आपल्याकडची ६५० मिलिलिटरची, आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग बाटली घेतली तर त्यात ५२ मिलिलिटरपर्यंत शुद्ध अल्कोहोल. टेबल बिअरच्या पाइंटात १७. म्हणजे एका बाटलीची बरोबरी करायला तीन पाइंट. भारतात बिअरच्या खपात स्ट्राँगचाच वाटा मोठा आहे, तो या हिशेबामुळे. महाराष्ट्रात कराची रेषा पाच टक्क्यांवर आहे: खाली माइल्ड, वर स्ट्राँग. पावणेपाच टक्क्यांची आणि तीन टक्क्यांची एकाच खणात. मग तीन टक्क्यांची कोण कशाला करेल?

गंमत म्हणजे कायद्याला दारूची ताकद कळत नाही असं नाही. राज्यात माइल्ड बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, कडक दारूसाठी २५. गाडी चालवताना तर भारतच कडक: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा, इंग्लंडात ती ८०. ज्या देशात दोन पाइंटांनंतर स्टिअरिंगला हात लावायची चोरी, तिथे हलक्या बिअरची गरज खरं तर इंग्लंडपेक्षा जास्त आहे.

पुण्यातली माझी मैत्रीण यावर वैतागते. ती दारूबंदीच्या चळवळीत आहे, दारूदुकान बंद करायच्या ‘आडवी बाटली’ मतदानासाठी बायकांच्या सह्या गोळा करत फिरली आहे. तिचं म्हणणं, तुझ्या आंब्याच्या वासाच्या बिअरचा माझ्या बायकांना काय उपयोग? वस्तीतला नवरा देशीची क्वार्टर घेतो, आयपीए नाही. तिचं म्हणणं मला मान्य आहे. हलकी बिअर हे व्यसनमुक्तीचं औषध नाही आणि कोणी तशी विकायला लागला तर त्याला आधी मी अडवेन. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये सांगून टाकलंय की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. शिवाय एक गोष्ट इथे राहूनच दिसते: ‘हलकीच तर आहे’ म्हणत माणसं मंगळवारीही प्यायला लागतात, जी आधी शुक्रवारीच प्यायची. मीही त्यांतलीच. ब्रिटिश डॉक्टरांनी आठवड्याला १४ युनिटांची, म्हणजे १४० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलची मर्यादा सांगितलीय. तीन टक्क्यांचे पाइंटही मोजून प्यायले नाहीत तर तिथे सहज पोचतात.

पण मैत्रिणीच्या बायकांचा प्रश्न सुटत नाही म्हणून कर अल्कोहोलच्या प्रमाणात लावू नये, हे मला पटत नाही. देशी असो, व्हिस्की असो की बिअर, शुद्ध अल्कोहोलच्या प्रत्येक मिलिलिटरला वाढता दर लावला तर स्ट्राँग पिणाऱ्याला ती महाग पडेल आणि हलकी करणाऱ्याला जागा मिळेल. तिजोरीवाल्यांनाही त्यात रडायचं कारण नाही.

ही बिअर पुण्यात करता येईल का? करणारे हात आहेत. दूलालीने २००९मध्ये तिथे ताजी बिअर टॅपवर द्यायला सुरुवात केली, मुंढव्याच्या इंडिपेन्डन्सने २०१४मध्ये. अडचण डब्याची आहे. हॉप्सचा वास उष्णतेत आणि हवेत मरतो, आणि तीन टक्क्यांच्या बिअरकडे वासाखेरीज दाखवायला काही नसतं. नागपूरच्या मे महिन्यात दुकानाच्या मागच्या खोलीत पडलेल्या डब्यात नुसता कडूपणा उरेल. म्हणून सुरुवात टॅपवरच व्हायला हवी, जिथे बनते तिथेच आठवडा-दोन आठवड्यांत संपावी, आणि ग्लास नेहमीच्या आयपीएपेक्षा डोळ्यांत भरेल इतका स्वस्त असावा. पाच टक्क्यांखाली कराची आणखी एक पायरी केल्याशिवाय तो तसा होणार नाही. तोवर मावसभाऊ स्ट्राँगच मागवणार, आणि रुपयाला किती चढते या त्याच्या हिशेबात मला चूक काढता येत नाही.